एएसपी डॉट नेट कोअर: कंट्रोलरमधून रिस्पॉन्स पाठवताना या चुका टाळा

एएसपी डॉट नेट कोअर या मायक्रोसॉफ्टच्या वेब फ्रेमवर्कमधल्या बऱ्याच प्रोजेक्टमध्ये प्रत्येक अ‍ॅक्शनचा (म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या कंट्रोलरमधल्या मेथडचा) रिटर्न टाइप डोळे झाकून 'आयअ‍ॅक्शनरिझल्ट' ठेवलेला असतो. कोड चालतो, पण स्वॅगरला (एपीआयचं डॉक्युमेंटेशन बनवणाऱ्या टूलला) आतला डेटा कुठल्या टाइपचा आहे ते कळत नाही. मग तो टाइप सांगायला जागोजागी 'प्रोड्युसेसरिस्पॉन्सटाइप' हे अ‍ॅट्रिब्यूट लावत बसा. 2.1 आवृत्तीपासून 'अ‍ॅक्शनरिझल्ट<टी>' आहे, एपीआयसाठी तेच वापरा. फक्त 'टी'च्या जागी 'आयइन्युमरेबल' असेल आणि तीच यादी थेट रिटर्न केली, तर कंपायलर अडवतो, कारण सी शार्पमध्ये इंटरफेसचं असं आपोआप रूपांतर होत नाही. 'टूलिस्ट' करा किंवा 'ओके'मधून पाठवा.

रेकॉर्ड सापडलं नाही म्हणून 'नल' रिटर्न केला तर 404 ('सापडलं नाही') जाईल, हा गैरसमज. जातो 204 ('यशस्वी, पण मजकूर नाही'), आणि रिकाम्या बॉडीवर फ्रंटएंडचं जेसन पार्सिंग कोसळतं. 'नॉटफाउंड' स्वतः लिहावंच लागतं. 'ओके'मध्ये नुसती स्ट्रिंग दिली आणि अ‍ॅक्सेप्ट हेडर */* (म्हणजे कुठलाही फॉरमॅट चालेल) असलं, तर जेसन नव्हे, टेक्स्ट/प्लेन जातं.

खरा छळ 'क्रिएटेडअ‍ॅटअ‍ॅक्शन'चा, म्हणजे नवं रेकॉर्ड बनल्यावर 201 सोबत त्याचा पत्ता पाठवणाऱ्या मेथडचा. अ‍ॅक्शनचं नाव 'गेटअसिंक' असतं, तुम्ही 'नेमऑफ(गेटअसिंक)' देता, आणि पोस्ट केल्यावर 500 (सर्व्हर एरर): 'नो राउट मॅचेस द सप्लाइड व्हॅल्यूज'. 3.0 पासून फ्रेमवर्क अ‍ॅक्शनच्या नावातलं शेवटचं 'असिंक' कापतं, त्यामुळे त्या नावाचा राउटच (यूआरएलचा मार्ग) उरत नाही. त्यात गोम अशी की एरर येईपर्यंत रेकॉर्ड डेटाबेसमध्ये शिरलेलं असतं. युजर पुन्हा बटण दाबतो आणि एका ऑर्डरच्या दोन होतात. 'सप्रेसअसिंकसफिक्सइनअ‍ॅक्शननेम्स' हे एमव्हीसीचं सेटिंग फॉल्स करा, किंवा राउटला नाव देऊन 'क्रिएटेडअ‍ॅटराउट' वापरा. तरी तोच एरर आला तर पॅरामीटरचं नाव बघा: राउटमध्ये 'आयडी' आणि तुम्ही पाठवताय 'ऑर्डरआयडी', असं सर्रास होतं.

कुकी लॉगिनच्या अ‍ॅपमध्ये सेशन संपलं की डॉट नेट 10 च्या आधी एपीआयलाही 401 (लॉगिन नाही) ऐवजी लॉगिन पानाकडे 302 (रिडायरेक्ट) मिळतो. ब्राउझरमधलं रिक्वेस्ट पाठवणारं 'फेच' मुकाट तिकडे जातं, 200 सोबत एचटीएमएल आणतं आणि कन्सोलमध्ये '<' बद्दलचा पार्सिंग एरर दिसतो. लोक तो जेसनमध्ये शोधत बसतात! कुकीच्या 'ऑनरिडायरेक्टटूलॉगिन' इव्हेंटमध्ये एपीआयच्या पाथसाठी स्टेटस 401 करा.

फाइल पाठवताना स्ट्रीमला 'युझिंग' (ब्लॉक संपताच स्ट्रीम बंद करणारा सी शार्पचा कीवर्ड) लावू नका. अ‍ॅक्शन संपताच स्ट्रीम बंद होतो, पाठवायचं काम मात्र त्यानंतर सुरू होतं. काम झालं की फ्रेमवर्क तो स्वतः बंद करतं. मेमरीस्ट्रीममध्ये लिहून झाल्यावर 'पोझिशन' शून्यावर आणा, नाहीतर डेटाच जात नाही आणि डाउनलोड फसतं.