दहावीचा ब्राझील: मुलांना जग दाखवताना या चुका टाळा

२०१८ साली दहावीचं भूगोलाचं पुस्तक बदललं आणि सबंध पुस्तकभर भारताच्या शेजारी ब्राझील येऊन बसला. स्थान-विस्तारापासून वाहतुकीपर्यंत दोन्ही देश जोडीनं. मी ऊसपट्ट्यातल्या एका हायस्कूलमध्ये हा विषय शिकवते आणि पहिली दोन वर्षं मी ही संधी हातची घालवली. मुलांनी 'फरक स्पष्ट करा' चोख लिहिलं, गुणही चांगले पडले. मग मे महिन्यात बाजारात भेटलेल्या एका मुलाला सहज विचारलं, "ब्राझीलमधली माणसं कशी राहत असतील रे?" तो म्हणाला, "जंगलात, बाई."

मानवी वस्तीचा पाठ त्याला तोंडपाठ होता. ब्राझीलमधले शंभरातले ऐंशीहून जास्त लोक शहरांत राहतात, हेही त्यानं पेपरात लिहिलं असणार. तरी डोळ्यांपुढे उभं राहिलं ते ॲमेझॉनचं जंगल. त्या दिवसापासून मी माझ्या शिकवण्यातल्या चुका वहीत टिपून ठेवायला लागले.

तक्त्यापासून सुरुवात करणं

फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे भारत आणि उजवीकडे ब्राझील लिहिलं, की मुलांच्या डोक्यात लगेच शर्यत लागते. कोण मोठं, कोण पुढं? आणि दोन्ही बाजूंना जोडणारं जे काही आहे ते त्या रेघेखाली झाकलं जातं.

सुरुवात घरातून करा. मी आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पहिला तास घेते. फराळाच्या ताटात काय काय होतं ते मुलांना सांगायला लावते: साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, मिरची, रताळं. मग सांगते की या सगळ्यांचं मूळ अमेरिका खंडांत आहे. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. वर्गात शांतता पसरते. एक मुलगी एकदा म्हणाली, "मग त्याआधी आजी लोक उपासाला काय खायचे?" हा इतिहासाचा उत्तम प्रश्न आहे, तो घरी आजीलाच विचारायला पाठवा. भगर म्हणजे वरी मात्र आपल्याकडची जुनी.

पोर्तुगीजांनी काजू ब्राझीलहून गोव्यात आणला आणि 'काजू' हा शब्दही तिकडच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आला. उलट दिशेनं गुरं गेली. गुजरातची गीर आणि आंध्रची ओंगोल तिकडे नेऊन वाढवली. ओंगोलला तिथं 'नेलोर' म्हणतात, ते आपल्या नेल्लोर गावावरून, आणि ब्राझीलच्या मांसासाठीच्या गुरांमध्ये आज या जातीचा मोठा वाटा आहे. शेतकऱ्याच्या मुलाला हे एकदा सांगून बघा, परत कधी विसरणार नाही.

मोबाईलवरच्या नकाशावर विसंबणं

मोबाईलच्या सपाट नकाशावर ग्रीनलंड ब्राझीलपेक्षा मोठं दिसतं. प्रत्यक्षात ब्राझील ८५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे ग्रीनलंडच्या जवळपास चौपट. शाळेच्या कपाटावर धूळ खात पडलेला पृथ्वीगोल खाली काढा. मुंबई ते साओ पावलो असा दोरा ताणून धरायला सांगा. दोरा आफ्रिकेवरून जातो. तिथं बोट ठेवून मुलांना सांगा की याच आफ्रिकेतून ४० लाखांहून जास्त माणसं गुलाम म्हणून ब्राझीलला नेली गेली, त्यांतली असंख्य उसाच्या मळ्यांवर राबली, आणि ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८८८ साली.

एकाच बांधावर उभं राहून बघणं

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक हीच, आणि ती हातून नकळत होते. आमच्याकडं साखरेचा विषय निघाला की मुलं बापाच्या बाजूनं बोलतात, आणि ते साहजिकच आहे. पण साखरेच्या उत्पादनात ब्राझील जगात पहिला. त्यांच्या मुख्य ऊसपट्ट्यात तोडणी साधारण एप्रिल ते नोव्हेंबर, आपलं गाळप सुरू होतं ऑक्टोबर-नोव्हेंबरला. त्यांचा हंगाम आवरत येतो तेव्हा आपल्या कारखान्याची चिमणी पेटते. तिकडे पाऊस कमी झाला तरी जागतिक भाव हलतो. १९७५ पासून ते उसापासून इथेनॉल करत आले आहेत. साखरेला भाव नसला की कारखाने इथेनॉलकडे वळतात.

२०१९ साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालानं भारताविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली: भारत सरकार उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, ठरवून देतं आणि साखरेला निर्यात अनुदान देतं, त्यामुळं आमच्या शेतकऱ्याचा भाव पडतो. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला, भारतानं अपील केलं. मी वर्गाचे दोन भाग करते आणि ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांनाच ब्राझीलची बाजू मांडायला लावते. पहिली दहा मिनिटं कुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. घाई करू नका, तुम्ही मधे बोलू नका. मग कुणीतरी म्हणतं, "बाई, त्यांच्या शेतकऱ्यालापण कर्ज असंल की." त्या एका वाक्यासाठी मी तास राखून ठेवते.

गेल्या वर्षी हाच तास चालू होता. साओ पावलो राज्यात आता बहुतेक ऊस यंत्रानं तोडतात, पूर्वी तोडणीला ईशान्य ब्राझीलच्या दुष्काळी भागातून मजूर यायचे, एवढं सांगून मी पुढच्या मुद्द्याकडं वळले होते. मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. बीडची. तिच्या आईवडिलांचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, दरवर्षी आमच्या भागात येतो. तिनं विचारलं, "यंत्र आल्यावर ती माणसं कुठं गेली?"

असा प्रश्न आला की पाठ तिथंच थांबवा. 'परीक्षेत नाही' असं म्हणू नका, आणि घाईनं पोकळ उत्तरही देऊ नका. आम्ही तो प्रश्न कार्डशीटवर लिहून भिंतीवर लावला. तिच्या गावच्या मुकादमाला, म्हणजे तोडणीची टोळी आणणाऱ्याला, फोन करून आपल्याकडं हार्वेस्टर, म्हणजे तोडणीचं यंत्र, आल्यावर काय झालं ते विचारलं, तिकडच्या बातम्या मोबाईलवर भाषांतर करून वाचल्या. तो कागद अजून भिंतीवर आहे, त्याखाली मुलं भर घालत असतात.

परदेशी शाळेशी बोलणं घाईत ठरवणं

मी एकदा जानेवारीत व्हिडिओ कॉल ठरवायला गेले आणि तिकडून कळलं की शाळेला उन्हाळ्याची सुट्टी आहे. दक्षिण गोलार्धातले ऋतू मी स्वतः फळ्यावर शिकवले होते. तिकडचं शालेय वर्ष फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतं आणि जुलैत मधली सुट्टी असते. म्हणून ऑगस्ट ते नोव्हेंबर धरा, आपली दिवाळी सोडून. आपले संध्याकाळचे सात म्हणजे तिकडच्या राजधानीत, ब्राझिलियात, सकाळचे साडेदहा. भाषा पोर्तुगीज, तेव्हा प्रश्न आठवडाभर आधी लेखी पाठवा. 'आमची मुलं इंग्रजीत कच्ची, त्यांना कसलं जग' असं म्हणणाऱ्या पालकांनाही हे सांगा, तिकडच्या मुलांचंही इंग्रजी बेताचंच असू शकतं.

कॉलवर मुलं गप्प बसली तर प्रश्न तपासा. 'तुम्हाला भारताबद्दल काय वाटतं?' याला कुणीही मूल काय सांगणार? 'काल रात्री काय जेवलात?' असं विचारायला सांगा. उत्तर बहुधा भात आणि घेवड्याच्या दाण्यांची उसळ असं येईल, ते तिथलं रोजचं जेवण. मग आपली पोरं वरण-भाताबद्दल बोलायला लागतात, आणि तुम्हाला फक्त माईक सांभाळायचं काम उरतं.