शेजारी भेटला, पण पिंग जाईना

वरूडकडच्या आमच्या खेड्यात दिवसा भारनियमन असायचं, म्हणून माझा सगळा अभ्यास रातचा. जुना लॅपटॉप, त्यावर जीएनएस३ (राउटर-स्विचची नक्कल चालवणारं सॉफ्टवेअर), आणि आतल्या खोलीतून बाबा, "काऊन रे, झोपत काऊन नाही?" इथरनेटवरचं एमपीएलएस (पॅकेटला लेबल चिकटवून, तेच बघून पुढं पाठवायची पद्धत) जमलं होतं. मग तेच एटीएमच्या (पैशाचं नाही; डेटा छोट्या, ठरावीक मापाच्या सेलमध्ये भरून नेणारं जुनं नेटवर्क) व्हर्च्युअल पाथमधून, म्हणजे अनेक सर्किटं एकत्र नेणाऱ्या वाटेतून, चालवायची खाज सुटली आणि चार रात्री गेल्या. तुमच्या जाऊ नयेत म्हणून हे लिहितो.

आधीच सांगतो, नवीन नेटवर्कमध्ये आज एटीएम कोणी टाकत नाही. तरी एकदा करून बघा, कारण लेबल म्हणजे काय हे मला तरी इथंच कळलं. इथरनेटवर पॅकेटच्या आधी ३२ बिटांचं वेगळं शिम हेडर लागतं, त्यातले २० बिट लेबलचे. एटीएमचा सेल ५३ बाइटचा: ५ हेडर, ४८ माल. त्या हेडरात व्हीपीआय (पाथचा नंबर) आणि व्हीसीआय (सर्किटचा नंबर) हे आकडे आधीपासूनच असतात. पॅकेटवरचं सगळ्यात वरचं लेबल त्यांच्यातच लिहायचं, स्विच तेवढंच वाचतो. (बीएसएनएलच्या जुन्या एडीएसएल मोडेममध्ये ०/३५ भरायचो ना, तेच हे दोन आकडे. मी ते कित्येक वर्षं पासवर्डसारखे पाठ केले होते.)

आता दोन राउटरच्या मधे दुसऱ्याचं एटीएम नेटवर्क असेल तर त्यातून एक पाथ घ्यावा लागतो. संत्र्याची गाडी डोळ्यापुढे आणा. प्रत्येक पेटीवर व्यापाऱ्याची खूण असते, पण नाक्यावर बघतात तो गाडीचा नंबर. व्हीपीआय म्हणजे गाडी, व्हीसीआय म्हणजे पेटीवरची खूण. वाटेत माल दुसऱ्या गाडीत चढला तरी खूण तीच राहते. पण गाडीचा नंबर आपल्या हातात नाही, म्हणून अख्खं लेबल १६ बिटांच्या व्हीसीआयमध्येच बसवावं लागतं. जानेवारी २००१ चं आरएफसी ३०३५ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) हेच सांगतं. शिवाय ० ते ३२ हे व्हीसीआय लेबलला वापरायचे नाहीत. ३२ हा कंट्रोल व्हीसी, म्हणजे राउटरांच्या आपसातल्या बोलण्याचं सर्किट. ओएसपीएफ (रस्ते शोधणारा प्रोटोकॉल), एलडीपी (लेबलं वाटणारा), सगळं बिनलेबलचं बोलणं त्यावरून होतं.

राउटरवरचं काम थोडं आहे. सीईएफ (सिस्को राउटरची पॅकेट पुढं पाठवायची पद्धत) चालू, लूपबॅकला (राउटरच्या आतल्या काल्पनिक इंटरफेसला) /३२ चा, म्हणजे एकट्याचा पत्ता, ओएसपीएफ. एटीएम इंटरफेसखाली एमपीएलएस प्रकारचं सबइंटरफेस, त्यात आयपी पत्ता, 'एमपीएलएस आयपी' आणि 'एमपीएलएस एटीएम व्हीपी-टनेल २'. पहिल्या लॅबला दोन्ही टोकांना व्हीपीआय एकच ठेवा, उगाच डोक्याला ताप नको.

तिसऱ्या रात्री ओएसपीएफ उभा राहिला, एलडीपीचा शेजारी (समोरचा राउटर) दिसला, लेबलंही वाटली गेली. समोरच्या इंटरफेसला पिंग (पोचतंय का बघायचं चाचणी-पॅकेट) जात होतं. लूपबॅकला मात्र एकही नाही! मी दोन्ही राउटर पुसून पुन्हा लिहिले. पुन्हा तेच.

दोष राउटरमध्ये नव्हताच. मधल्या एटीएम स्विचवर मी पाथ जोडलाच नव्हता, फक्त एक सर्किट जोडलं होतं, २/३२. त्यामुळं बोलणं पार होत होतं. समोरच्या इंटरफेसचा पत्ता थेट जोडलेला, त्याला लेबल लागत नाही, तो ३२ वरूनच जात होता. लूपबॅकला लेबल मिळालं होतं ३३, आणि ती खूण स्विचनं कधी पाहिलीच नव्हती. जीएनएस३ च्या एटीएम स्विचमध्ये 'फक्त व्हीपीआय वापरा' असा चौकोन आहे, त्यावर खूण केली आणि पहिल्याच फटक्यात पिंग गेलं. पहाटेचे साडेचार वाजले होते.

तेव्हापासून एलडीपीचा शेजारी दिसला म्हणून मी खूश होत नाही. बाइंडिंगमध्ये (कुठल्या पत्त्याला कोणतं लेबल, त्या यादीत) कोणता व्हीसीआय मिळाला ते बघतो आणि तो मधे कुठे अडतो ते शोधतो. ट्रेसराउटच्या (वाटेतले टप्पे दाखवणाऱ्या आज्ञेच्या) भरवशावर राहू नका: सेलमध्ये टीटीएल (टप्प्यागणिक कमी होणारा आकडा) नसतोच, मधले स्विच त्यात दिसणार नाहीत. नागपूरच्या एका मुलाखतीत मला हाच प्रश्न आला होता, "एलडीपी अप, ट्रॅफिक बंद, कुठून सुरू करशील?" एटीएमचं नाव न घेता विचारला होता, पण उत्तर इथलंच होतं.

आणि हो, राउटर चढवायच्या आधी आयडल-पीसीची किंमत (राउटर रिकामा कधी बसतो हे जीएनएस३ला सांगणारा आकडा) काढून घ्या, नाही तर एक राउटर अख्खा प्रोसेसर खातो. मे महिन्यात आमच्याकडे पंखासुद्धा गरम हवा फेकतो, लॅपटॉपचं काय घेऊन बसलात.