वाघ आणि सिंह यांच्या झुंजीच्या ताकदीची तुलना कशी करावी

वाघ जिंकेल की सिंह, या प्रश्नावर वाद घालण्यापूर्वी कोणता वाघ आणि कोणता सिंह हे ठरवून घ्यावे. मध्य भारतातला पूर्ण वाढलेला नर वाघ साधारणपणे 180 ते 250 किलो भरतो, तर गीरचा नर सिंह 160 ते 190 किलोंच्या आसपास असतो; आफ्रिकेतला सिंह त्याहून मोठा आणि सुंदरबनचा वाघ मात्र बराच लहान. वय आणि लिंगही सारखे असावे. ऐन उमेदीतल्या वाघापुढे म्हातारा सिंह उभा केला, तर त्या तुलनेतून हाती काहीच लागत नाही.

यानंतर शरीराकडे वळावे. दोघांचे सुळे, नखे आणि पंजे जवळजवळ सारखेच आहेत, इतके की कातडे उतरवल्यावर कोणता प्राणी कोणता, हे ओळखताना जाणकारही थबकतात. त्यासाठी खालचा जबडा सपाट टेबलावर ठेवून पाहण्याची एक जुनी रीत आहे: सिंहाचा जबडा खालून गोलसर असल्याने डुलतो, वाघाचा बहुधा स्थिर बसतो. म्हणून केवळ हत्यारे मोजून निकाल लावू नये.

खरा फरक जगण्याच्या पद्धतीत आहे आणि सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. वाघ एकटा राहतो, एकटाच शिकार करतो, आणि पूर्ण वाढलेल्या गव्यालाही एकटाच लोळवू शकतो. पण पाय जायबंदी झाला तर त्याला दुसरे कोणी खाऊ घालत नाही. त्यामुळे तो शक्यतो झुंज टाळतो. ताडोबाच्या जंगलात एखाद्या झाडाच्या बुंध्यावर माणसाच्या डोक्याच्याही वर गेलेले नखांचे उभे ओरखडे दिसतात. हद्द सांगण्याची, भांडण लांबूनच मिटवण्याची ती पद्धत आहे. याउलट नर सिंह अनेकदा दोघा-तिघांच्या टोळीने राहतात, कळपावरचा ताबा त्यांना थोडीच वर्षे टिकवता येतो, आणि नवे नर आले की ते आधीच्यांचे छावे मारून टाकतात. सिंहाच्या आयुष्यात झुंज वारंवार येते, म्हणून तिचा सरावही त्याला अधिक असतो. मात्र त्या सरावात बाजूला भाऊ उभा असतो, हे तुलना करणारे बहुतेक जण विसरतात.

आयाळीला ढाल समजण्याची घाई करू नये. सेरेंगेटीतल्या सिंहांच्या अभ्यासात वेगवेगळ्या आयाळींचे पुतळे उभे करून पाहिले गेले, तेव्हा लांब आयाळीच्या पुतळ्याजवळ जायला नर कचरले आणि माद्यांनी गडद आयाळ पसंत केली. म्हणजे आयाळ ही बहुतांशी समोरच्याला दिलेली सूचना आहे. गीरच्या सिंहाची आयाळ तर इतकी विरळ असते की त्याचे कान सहज दिसतात.

पुराव्यांची प्रतवारी हे शेवटचे काम. रोमन आखाड्यांतल्या आणि संस्थानी दरबारांतल्या झुंजींची वर्णने वाचताना प्राणी कुठून आणला होता, किती दिवस उपाशी होता, हे विचारावे. उत्तर नसेल तर ते वर्णन बाजूला ठेवावे. 2011 साली अंकाराच्या प्राणिसंग्रहालयात वाघाने कुंपणाच्या फटीतून शेजारच्या पिंजऱ्यात शिरून सिंहाच्या मानेची रक्तवाहिनी पंजाच्या एका फटक्यात तोडली, अशी बातमी होती. वाघाच्या पंजात किती ताकद असते हे त्यातून कळते; पण एका पिंजऱ्यातली एक घटना साऱ्या जातीला लावणे चूक आहे.

हे सारे पडताळून माझे मत असे झाले आहे की एकास एक गाठ पडली, तर मध्य भारतातला वाघ गीरच्या सिंहापेक्षा वजनामुळे वरचढ ठरण्याची शक्यता अधिक. आफ्रिकेतल्या सिंहाबाबत मात्र मी पैज लावणार नाही, आणि सिंह दोन असतील तर वाघ मागे फिरेल.

आज जंगलात हे दोघे कुठेही एकत्र राहत नाहीत. मध्य प्रदेशातल्या कुनोत गीरचे सिंह हलवावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली दिला होता. त्या जंगलात रणथंबोरकडून वाघ येतात. सिंह कधी तिथे पोहोचलेच, तर निरीक्षकांनी झुंजीची वाट पाहत बसू नये. पाणवठ्यावर कोण आधी येतो, कोण वाट सोडतो आणि झाडांवरचे ओरखडे कुठून कुठे सरकतात, याची नोंद ठेवावी.