पहिल्या रेघोट्यांसाठी जागा, खडू आणि कागद

सव्वा-दीड वर्षाचं मूल हाती लागेल त्याने खुणा करू लागतं. ताटाबाहेर सांडलेल्या वरणात बोट फिरवलं, तीही रेघच. या वयात हात खांद्यातून हलतो. मनगट आणि बोटांचं काम पुढे सुरू होतं. म्हणून खडू मुठीत धरला जातो आणि रेघ कमानीसारखी लांब जाते. वहीचं पान तिला पुरत नाही.

सिडकोच्या वन-रूम-किचनमध्येही चार्ट पेपरएवढी जमीन मोकळी करता येते. साधारण २२ बाय २८ इंचांचा कागद पसरा आणि चारही कोपऱ्यांना मास्किंग टेप लावा. टेपचा कंटाळा करू नका. मूल जोर लावतं तसा सुटा कागद खडूबरोबर ओढला जातो, आणि दुसऱ्या हाताने तो दाबून धरायचं त्याला अजून सुचत नाही. दोन-तीनदा असं झालं की ते खडू टाकून उठतं. आपण समजतो, याला आवडच नाही! कधी हाच कागद कपाटाच्या दाराला, मुलाच्या छातीच्या उंचीवर लावा. उभ्याने रेघ मारताना मनगट मागे वळतं. पुढे लिहिताना ते असंच लागतं.

जाड मेणाचे खडू घ्या, गडद रंगाचे, एका वेळी दोनच. फिकट पिवळा पांढऱ्यावर दिसत नाही आणि मूल हिरमुसतं. स्केचपेन नंतर: त्याला जोर लागत नाही, शिवाय टोपण घशात अडकू शकतं. पाटीवरची पेन्सिल मुलं खातात, ती आत्ता नकोच. तीन वर्षांनंतर मात्र, आपण शेजारी बसून, खडूचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे द्या. एवढासा तुकडा मुठीत धरता येत नाही, मग बोटं आपोआप पुढे येतात. तीन बोटांची नीट पकड चार ते सहा वर्षांदरम्यान बसते. त्याआधी बोटं धरून वळवू नका. डावा हात पुढे आला तर तोच राहू द्या. पण दीड वर्षाच्या आतच मूल कायम एकच हात वापरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

एप्रिल-मेमध्ये बाल्कनीच्या फरशीवर वाटीभर पाणी आणि इंचभर रुंद ब्रश पुरतो. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत कागद मऊ पडून फाटतो. तेव्हा ताटलीत थोडा रवा पसरून बोटाने रेघा मारू द्या.

दोन वर्षांच्या आसपास रेघा गरगर फिरू लागतात. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास एक दिवस रेघ निघाली तिथेच परत येऊन मिळते आणि मूल हात थांबवून त्या गोलाकडे बघतं. तेव्हा बोलू नका. पुढे त्याच गोलाला डोळे फुटतात, खालून थेट पाय निघतात. पोट काढायचं राहून गेलं म्हणून सुधारायला जाऊ नका. ‘हे काय काढलंस?’ विचारलं की त्याला काहीतरी नाव शोधावं लागतं. त्यापेक्षा ‘इथे किती जोरात दाबलंस!’ म्हणा. आपण हत्ती काढून दिला, तर पुढच्या वेळी ते खडू आपल्याच हातात देतं.

भिंतीवर रेघ गेलीच, तर ओल्या फडक्यावर चिमूटभर खायचा सोडा घेऊन हलकेच पुसा. डिस्टेंपर असेल तर आधी कपाटामागे करून बघा, रंगही निघतो.