टॅबमध्ये जीपीएस आहे की नाही, कसं ओळखायचं? आणि नसेल तर काय करायचं?

स्वस्तातल्या टॅबला जीपीएस नाही हे मुंबईत राहून कळतच नाही. दादरला मॅप उघडा, निळा ठिपका बरोबर तुमच्या बिल्डिंगवर. माटुंग्याला जा, तोही माटुंग्याला. माणूस खूश होतो आणि गणपतीला गावी जाताना फोनऐवजी हा मोठा स्क्रीन डॅशबोर्डवर लावतो. माझंही तसंच झालं. फोनचा हॉटस्पॉट लावला होता, नेट जोरात होतं. पनवेल मागे पडलं तरी ठिपका कळंबोलीलाच. पेणमध्ये शिरल्यावर त्याने एकदम उडी मारली, मग वडखळच्या पुढे पुन्हा गप्प. शेवटी मागच्या सीटवरून काकांनी रस्ता सांगितला.

तो ठिपका जीपीएसचा, म्हणजे उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा शोधणाऱ्या रिसीव्हरचा, नव्हताच. टॅब आजूबाजूच्या वायफाय राउटरची ओळख वाचतो, ती नेटवरून गुगलकडे पाठवतो आणि ‘हे राउटर अमुक ठिकाणी आहेत’ असं उत्तर मिळवतो. मुंबईत भिंतीआड दहा राउटर, त्यामुळे अंदाज बरोबर येतो. हायवेवर दोन्ही बाजूंना भातशेती, तिथे कुठले राउटर? पेणला दुकानं आली, म्हणून तेवढी उडी.

विकत घ्यायच्या आधी कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलचा, त्याच व्हेरिएंटचा तक्ता वाचा. त्यात जीपीएस किंवा त्याचे रशियन, युरोपीय, चिनी भाऊ ग्लोनास, गॅलिलिओ, बायदू यांपैकी काहीतरी स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं ‘लोकेशन सपोर्ट’ लिहिलं असेल तर नाही असं समजा. फक्त वायफायवाल्या मॉडेलमध्ये पैसे वाचवायला हा रिसीव्हर बऱ्याचदा गाळतात, सिमवाल्यात तो बहुतेक वेळा असतो. आयपॅडचा नियम सरळ आहे: सेल्युलर मॉडेलला जीपीएस आहे, सिम घातलं नाही तरी चालतं, नुसत्या वायफायवाल्याला नाही. आणि खोक्यावरचा ‘जी-सेन्सर’ म्हणजे जीपीएस नव्हे. तो ‘जी’ गुरुत्वाकर्षणाचा, टॅब आडवा केला की स्क्रीन फिरवणारा. लॅमिंग्टन रोडवर एका दुकानदाराने मला तोच शब्द बोटाने दाखवून ‘है ना सर’ म्हटलं होतं.

टॅब आधीच घरात असेल तर तपासणी घरात करू नका, गच्चीवर जा. फ्लाइट मोड लावा, वायफाय आणि ब्लूटूथही बंद आहेत ना ते बघा, लोकेशन मात्र चालू ठेवा. जीपीएसटेस्टसारखं उपग्रह दाखवणारं अ‍ॅप आधीच उतरवून ठेवा आणि त्याला अचूक लोकेशनची परवानगी द्या. मग टॅब आकाशाकडे करून थांबा. जीपीएसला नेट लागत नाही, पण नेट नसताना त्याला प्रत्येक उपग्रहाची कक्षेची माहिती त्याच्याच सिग्नलमधून वाचावी लागते. ती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते, सिग्नल मध्येच तुटला की पुन्हा वाट बघायची. निदान चार उपग्रह लागतात आणि ते साधारण २०,२०० किलोमीटर वर आहेत, तेव्हा दोन मिनिटांत वैतागू नका. दहा मिनिटांनीही यादी रिकामीच असेल तर रिसीव्हर नाही. यादीत उपग्रह दिसतात पण जागा मिळत नाही, तर रिसीव्हर आहे, आडोसा जास्त आहे. परळच्या टॉवरांमध्ये सिग्नल काचांवर आपटून येतो. शिवाजी पार्कच्या मधोमध उभे राहून पुन्हा बघा.

रिसीव्हर नाही आणि परत करायची मुदत शिल्लक आहे? परत करा. पुढचं वाचू नका.

मुदत संपली असेल तर आता लोक सल्ले देतील. ‘हॉटस्पॉट लाव, चालेल.’ नाही चालत. हॉटस्पॉटवरून नेट मिळतं, फोनची जागा टॅबला मिळत नाही. ‘जीपीएस फिक्स करणारं अ‍ॅप टाक.’ जो भागच आत नाही तो अ‍ॅप कुठून आणणार? ‘हाय अ‍ॅक्युरसी मोड लाव.’ तो वायफायचाच अंदाज आहे. चालतो तो एकच मार्ग: दुसऱ्या कुणाचा तरी जीपीएस ब्लूटूथने किंवा केबलने टॅबला पुरवायचा. तो दुसरा कुणी म्हणजे तुमचाच फोन असू शकतो, किंवा वेगळा मिळणारा ब्लूटूथ जीपीएस रिसीव्हर.

अँड्रॉइड टॅबवर हे जमतं, पण माझे दोन रविवार इथेच गेले, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

फोनवर जीपीएस ब्लूटूथने पाठवणारं अ‍ॅप लागतं, टॅबवर ते घेणारं. दोघांनाही एनएमईए नावाची भाषा यायला हवी. फोन दर सेकंदाला जागा, वेग, वेळ अशा ओळी पाठवतो आणि टॅब त्या वाचतो. फोन आणि टॅब एकमेकांशी पेअर करा. वेगळा रिसीव्हर असेल तर पिन बहुधा ०००० किंवा १२३४ असतो. इथे पहिली फसगत: पेअर झालं म्हणजे जोडलं गेलं नाही. सेटिंगमध्ये ‘पेअर्ड’ दिसत होतं आणि मी तासभर ठिपक्याकडे बघत बसलो होतो. जोडणी टॅबवरच्या अ‍ॅपमधूनच करायची असते. नव्या अँड्रॉइडवर त्या अ‍ॅपला ‘निअरबाय डिव्हायसेस’ची परवानगी दिली नाही तर त्याला ब्लूटूथ वापरताच येत नाही.

मग टॅबच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचक्या मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. त्यात ‘सिलेक्ट मॉक लोकेशन अ‍ॅप’मध्ये आपलं अ‍ॅप निवडा. मॉक लोकेशन म्हणजे टॅबने स्वतः न शोधलेली, अ‍ॅपने पुरवलेली जागा. हे विसरलात तर अ‍ॅपमध्ये आकडे दिसत राहतील आणि मॅपला पत्ताही लागणार नाही.

एवढं करूनही माझा ठिपका वेड्यासारखा नाचायचा. एका क्षणी सायन सर्कल, दुसऱ्या क्षणी मागचा सिग्नल, पुन्हा सायन. मी रिसीव्हरला शिव्या देत होतो, तो बिचारा बरोबर सांगत होता. भांडण टॅबच्या आत होतं: एकीकडून आपण पुरवलेली जागा, दुसरीकडून जुना वायफायचा अंदाज, आणि मॅप दोघांचंही ऐकत होता. लोकेशनच्या सेटिंगमध्ये ‘गुगल लोकेशन अ‍ॅक्युरसी’ बंद करा. ‘वायफाय स्कॅनिंग’ही बंद करा, कारण वायफाय बंद असतानाही ते चोरून शोधत असतं. त्या दिवसापासून ठिपका शहाण्यासारखा चालतोय.

शेवटची गोम बॅटरीची. दहा मिनिटं सगळं छान, मग ठिपका थिजतो. फोनचा स्क्रीन बंद झाला की बॅटरी वाचवायला अँड्रॉइड मागचं अ‍ॅप मारून टाकतं. फोन आणि टॅब, दोन्हीकडे त्या अ‍ॅपसाठी बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. निघताना आधी फोनवर जागा मिळू द्या, मगच टॅब जोडा. घरी आल्यावर दोन्ही अ‍ॅप्स नीट थांबवा. मी एकदा तसंच सोडलं, तर टॅब दुसऱ्या दिवशी घरात बसून मला चिपळूणचं हवामान दाखवत होता.

काही बँकांची अ‍ॅप्स डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले की उघडतच नाहीत, म्हणून ती फोनवरच ठेवा. टॅक्सी किंवा डिलिव्हरीच्या कामासाठी तर हा उद्योग करूच नका. त्या अ‍ॅप्सना मॉक लोकेशन म्हणजे चोरी वाटते, आणि खातं बंद झालं तर पोटावर पाय.

आयपॅडवर यातलं काही चालत नाही. त्याला अ‍ॅपलने मान्यता दिलेलाच रिसीव्हर लागतो. यूएसबीचा जीपीएस अँड्रॉइडला ओटीजीने, म्हणजे टॅबच्या पोर्टला यूएसबीच्या वस्तू लावायच्या सोयीने, जोडता येतो, मॉक लोकेशनचे सोपस्कार तेच. पण टॅबला एकच पोर्ट असेल तर त्यात एकतर जीपीएस नाहीतर चार्जर, आणि मोठा स्क्रीन पूर्ण उजेडात चार तास चालत नाही. म्हणून मी ब्लूटूथवाला वापरतो.

मॅप घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. रिसीव्हर डॅशबोर्डवर काचेखाली ठेवा, डब्यात नको. सेटिंग निघायच्या आधी, गाडी सुरू झाली की बाजूच्याने बघायचं.

स्वस्त टॅबला बऱ्याचदा होकायंत्रही नसतं, त्यामुळे सिग्नलला उभे असताना बाण उलटा दिसला तर घाबरू नका, गाडी हलली की सरळ होतो. आणि कोस्टल रोडच्या बोगद्यात किंवा कशेडीच्या बोगद्यात ठिपका अडला तर सेटिंग उघडून बसू नका. तिथे वरचं आकाशच दिसत नाही, महागड्या फोनलाही उपग्रह सापडत नाहीत. बाहेर पडल्यावर थोडा वेळ द्या, येतो.