जुन्या जीपचा डायनामो काढून अल्टरनेटर कसा बसवावा

डायनामो, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज करणारा जुना जनरेटर, असलेली जीप रात्री लगेच ओळखू येते. सिग्नलला थांबली की हेडलाइट पिवळे पडतात आणि रेस दिली की पुन्हा उजळतात. त्यात बिघाड काही नसतो, आयडलिंगला डायनामो बॅटरीला पुरेसा करंट देतच नाही. पूर्ण फिरत असतानाही चांगला डायनामो जेमतेम वीस-पंचवीस अँपिअर देतो. ६० वॅटचे दोन हॅलोजनच दहा अँपिअर खातात. वर वायपर आणि इलेक्ट्रिक पंखा आला की हिशेब जुळत नाही.

त्याच्या जागी अल्टरनेटर, म्हणजे आयडलिंगलाही पुरेसा करंट देणारा आजचा जनरेटर, बसवणं हे वायरमनचं काम समजलं जातं. माझ्या मते ते आधी लेथवाल्याचं काम आहे. वायरिंग एका दुपारी होतं, पण ब्रॅकेट वाकडं बसलं तर वर्षभर पट्टे बदलत बसावं लागतं.

आधी बॅटरी बघा

बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय? काही जुन्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या असतात, तर काही अजून ६ व्होल्टवर चालतात. आजकालचे अल्टरनेटर १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थचे असतात. उलटी बॅटरी लागली तर आतले डायोड क्षणात जातात. त्यामुळे हा बदल आधी करून घ्या.

कोणता अल्टरनेटर घ्यावा

आत रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग) असलेला, ३५ ते ५५ अँपिअरचा पुरे. मारुती ८००च्या वर्गातला छोटा अल्टरनेटर हलका असतो आणि जागाही कमी घेतो. ९० अँपिअरचा मोह टाळा, कारण तेवढा भार पडला की एकेरी पट्टा घसरतो. जुना माल कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळतो. पुली हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका, शाफ्ट हलतो का ते बघा आणि प्लगसकट वायरचा वीतभर तुकडा मागून घ्या. तो प्लग नंतर सुटा शोधणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

डिझेल इंजिनवाल्यांनी एक गोष्ट तपासावी. बऱ्याच डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या मागेच व्हॅक्यूम पंप असतो आणि ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) त्यावर चालतो. तसा अल्टरनेटर काढून साधा बसवला तर ब्रेक दगडासारखा कडक होतो. तिथे पंपवालाच अल्टरनेटर लागतो, ऑइलच्या नळ्यांसकट.

ब्रॅकेट आणि पुलीची लाइन

बॅटरीची निगेटिव्ह तार काढून मगच डायनामोला हात लावा. डायनामो लांब आणि बारीक असतो, तर अल्टरनेटर आखूड आणि जाड. डायनामोचे बोल्ट घालायचे दोन कान लांब-लांब असतात, अल्टरनेटरचे जवळजवळ. म्हणून जुन्या ब्रॅकेटमध्ये तो नुसता ठेवला तर एका बाजूला बोटभर फट राहते. गॅरेजमध्ये ‘बसवून देतो’ म्हणत ती फट बोल्ट आवळून बुजवतात, आणि काही महिन्यांत ॲल्युमिनियमचा कान तुटून हातात येतो. फट मोजा आणि लेथवर नेमक्या मापाचा बुश, म्हणजे बोल्टवर बसणारा नळीचा तुकडा, करून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे बुश उभ्या उभ्या मिळतात.

नवीन ब्रॅकेट करायचं असेल तर आधी पुठ्ठ्याचा साचा कापून बघा. मग ८ मिलिमीटरची पट्टी वापरा आणि बोल्टला दोन्ही बाजूंनी आधार द्या. एका बाजूने लोंबकळणारा अल्टरनेटर थरथरून वेल्डिंग फोडतो. चासी आणि बॉनेटपासून दोन सेंटिमीटर तरी मोकळे ठेवा, कारण इंजिन आपल्या रबरांवर हलत असतं.

आता सरळ पट्टी क्रँकच्या पुलीवर टेकवून अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत न्या. फरक एक-दोन मिलिमीटरच्या आत हवा. जास्त असेल तर बुश कमी-जास्त करा, पण पुली ठोकून सरकवू नका.

पुलीचं माप डोळे झाकून ठरवू नका. डायनामोची मोठी पुली इथे लावली तर आयडलिंगला पुन्हा तीच रड. क्रँकची पुली १४० मिमी आणि अल्टरनेटरची ६० मिमी असेल तर अल्टरनेटर इंजिनच्या सुमारे २.३ पट फिरतो: ७५० आरपीएमला साधारण १,७५०, म्हणजे चार्जिंगला पुरेसं. जीपचं इंजिन ४,०००ला गेलं तरी अल्टरनेटर साडेनऊ हजारांच्या आतच राहतो, ते त्याला सहज झेपतं. नव्या अल्टरनेटरवर बारीक खाचांची पुली असेल तर तुमच्या व्ही पट्ट्याच्या रुंदीची पुली करून घ्या. पट्टा खाचेच्या तळाला टेकता कामा नये, तो बाजूंनी पकडतो.

वायरिंग

बॅटरीचा करंट डायनामोत उलटा जाऊ न देणाऱ्या कटआऊटची आता गरज नाही. मात्र त्यावर बॅटरीची आणि लोडची तार वेगवेगळ्या टोकांना असतील, तर कटआऊट काढताना त्या एकत्र जोडा, नाहीतर दिवे-हॉर्न सगळं बंद. डायनामोकडे जाणाऱ्या जुन्या तारा टेप मारून बाजूला करा.

अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टपासून, म्हणजे बी प्लसपासून, १० चौरस मिलिमीटरची तार थेट स्टार्टरच्या बॅटरीकडच्या बोल्टवर आणा आणि त्या टोकाला ६० अँपिअरचा फ्यूज घाला. डॅशवरचा ३० अँपिअरचा अॅमीटर या वाटेत ठेवू नका, तो जळेल. त्याच्या जागी व्होल्टमीटर बसवा.

तीन पिनांच्या प्लगवर आयजी ही पिन इग्निशनवर, एल ही चार्जिंगच्या दिव्यावर आणि एस ही बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. काही अल्टरनेटरांना मात्र फक्त दिव्याची एकच तार असते, आणि त्या दिव्यातून येणाऱ्या करंटवरच ते जागे होतात. तिथे २-३ वॅटचा साधा बल्बच हवा, नुसती एलईडी लावली तर चार्जिंग सुरूच होणार नाही. इंजिन ते चासी अर्थची जाड पट्टी नवीन घाला आणि खालचा रंग खरवडून चकचकीत धातूवर आवळा.

तपासणी

पट्ट्याच्या लांब भागावर अंगठा दाबला तर सेंटिमीटरभर दबायला हवा. गाडी सुरू करा. बॅटरीवर मीटर १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखवायला हवा, हेडलाइट लावून आयडलिंगला १३.५च्या खाली जाऊ नये. बी प्लस आणि बॅटरी पॉझिटिव्ह यांच्यात दिवे लावून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर तार किंवा तिच्या टोकाचा लग कच्चा आहे.

चालू गाडीत बॅटरीची तार काढून ‘चार्जिंग आहे का’ बघायची जुन्या मिस्त्रींची सवय डायनामोला चालून जायची. अल्टरनेटरवर ती करू देऊ नका, व्होल्टेज उसळून डायोड आणि रेग्युलेटर जातात. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर पट्टा पुन्हा ताणा आणि ब्रॅकेटच्या वेल्डिंगला बारीक चीर पडली नाही ना, ते टॉर्चच्या उजेडात बघून घ्या.