कटपयादी पद्धतीने संख्या वाचणे, लिहिणे आणि मिळवणे

रोमन अंकलेखनात संख्यांसाठी सातच अक्षरे राखून ठेवलेली आहेत; भारतातील कटपयादी पद्धतीत मात्र सगळी व्यंजने कामाला लागतात आणि त्यामुळे एखादी संख्या अर्थपूर्ण शब्दात गुंफून पाठ करता येते. केरळातील गणितींनी ग्रहगणिताची कोष्टके मुखोद्गत ठेवण्यासाठी ही पद्धत शतकानुशतके वापरली, आणि कर्नाटक संगीतातील ७२ मेळकर्ता, म्हणजे इतर रागांचा पाया असलेल्या, रागांच्या नावांत ती आजही वापरात आहे.

प्रथम अक्षरांच्या किमती पक्क्या कराव्यात. क पासून झ पर्यंतच्या व्यंजनांना ओळीने १ ते ९ आणि ञ ला शून्य. ट पासून ध पर्यंत पुन्हा १ ते ९ आणि न ला शून्य. प ते म या पाचांना १ ते ५. य ते ह या आठांना १ ते ८, आणि ळ आल्यास ९. वर्णमाला पाठ असलेल्याला वेगळे कोष्टक घोकण्याची गरज नाही, बोटांवर मोजले तरी पुरते. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना किंमत नसते, म्हणून क, का, की, को हे सारे १ च. सुटा स्वर शून्य मानावा. अनुस्वार, विसर्ग आणि पाय मोडलेले अक्षर सोडून द्यावे.

जोडाक्षरात शेवटचे व्यंजन मोजतात. क्ष मध्ये ष शेवटी असल्याने ६, आणि ज्ञ मध्ये ञ शेवटी असल्याने शून्य. मराठीत ज्ञ चा उच्चार आपण ‘द्न्य’ असा करीत असलो तरी येथे ज् + ञ ही मूळ घडणच धरावी लागते.

वाचताना ‘अंकानां वामतो गतिः’ हे सूत्र विसरून चालत नाही: पहिले अक्षर एकंस्थानचा अंक देते, दुसरे दशंस्थानचा, आणि संख्या अशी उजवीकडून डावीकडे वाढत जाते. मेळकर्ता रागाचा क्रमांक नावाच्या पहिल्या दोन अक्षरांत असतो. ‘धीरशंकराभरण’ मध्ये धी म्हणजे ९ आणि र म्हणजे २, म्हणून क्रमांक २९. मूळ राग शंकराभरणच. क्रमांक जुळावा यासाठी त्यामागे ‘धीर’ लावले गेले, तसे कल्याणीमागे ‘मेच’ लागून मे ५, च ६, म्हणजे ६५ हा क्रमांक साधला. जोडाक्षराच्या नियमाला मात्र या यादीत अपवाद सापडतात. ‘षण्मुखप्रिया’ नियमाप्रमाणे ५६ देते, पण ‘चक्रवाक’ मध्ये र ऐवजी क मोजावा लागतो, कारण तो राग १६ वा आहे. २६ वा राग ‘चारुकेशी’ आहे. म्हणून जोडाक्षर आले की उत्तर यादीशी पडताळून पाहणे शहाणपणाचे.

लिहिण्याची क्रिया नेमकी उलटी आणि, माझ्या मते, अधिक रंजक आहे. संख्येचे अंक उलट क्रमाने मांडून प्रत्येकाखाली त्याची व्यंजने लिहावीत आणि हवे ते स्वर जोडून शब्द शोधावा. २४ साठी आधी ४ आणि मग २ हवेत: घ, ढ, भ, व यांपैकी एक, आणि नंतर ख, ठ, फ, र यांपैकी एक. ‘घर’, ‘भार’ आणि ‘वीर’ हे तिन्ही शब्द २४ च सांगतात. १०८ साठी ‘जनक’ चालतो, तर ३६५ साठी इंद्राच्या सारथ्याचे ‘मातली’ हे नाव चपखल बसते. सर्व अंकांना पर्याय सारखे नाहीत. ९ साठी झ, ध आणि ळ एवढेच असल्याने ९९ ला चांगला शब्द मिळवताना दमछाक होते.

बेरीज थेट अक्षरांवर होत नाही. शब्दांचे अंक करावेत, मिळवावेत आणि उत्तर पुन्हा शब्दात न्यावे. मेळकर्ता रागांत या बेरजेला सांगीतिक अर्थही आहे. पहिल्या ३६ रागांत शुद्ध मध्यम (‘म’ हा स्वर) आहे आणि पुढच्या ३६ रागांत, इतर स्वर तेच ठेवून, त्याच क्रमाने तीव्र मध्यम येतो. धीरशंकराभरणाच्या २९ मध्ये ३६ मिळवले की ६५, म्हणजे मेचकल्याणी. हिंदुस्थानी संगीताच्या भाषेत बिलावल थाटातून (थाट म्हणजे रागांचा मूळ स्वरसंच) कल्याण थाटात गेलो. त्याचप्रमाणे ‘मायामालवगौळ’ मध्ये मा ५, या १, म्हणजे १५, आणि हे भैरव थाटाचे स्वर. ३६ मिळवल्यावर ५१ येतात, त्यासाठी १ आणि मग ५ देणारी अक्षरे हवीत, आणि तो राग आहे ‘कामवर्धनी’, आपला पूर्वी थाट.